मांत्रिकाची निवड : काय घ्यावे, काय सोडावे?

बँकेच्या काउंटरवर 'निवड' हा शब्द दिवसातून निदान दहा वेळा कानी पडतो. मुदत ठेव ठेवावी की आवर्ती ठेव? कर्ज स्थिर व्याजदराने घ्यावे की बदलत्या? समोर बसलेला ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतो, "साहेब, यात मिळेल किती?" "यात सोडावे किती लागेल?" असे विचारणारा ग्राहक विरळा. हा दुसरा प्रश्न आधी विचारावा, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी 'संधी-व्यय' या नावाने वाचले होते आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. मात्र तो मनात खऱ्या अर्थाने रुजवला एका काल्पनिक मांत्रिकाने. वाचकहो, आज त्या मांत्रिकाचीच ओळख आपणास करून द्यावयाची आहे.

तेव्हा माझी नेमणूक बंगळुरूच्या एका शाखेत होती. माझ्या बहिणीचा मुलगा तेथेच अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होता. एका रविवारी त्याचा दूरध्वनी आला, "मामा, आम्हाला एक गडी कमी पडतोय. येतोस का?" क्रिकेट असेल असे समजून मी बूट घालून गेलो. पाहतो तो काय, वसतिगृहाजवळच्या एका खोलीत चार मुले चटईवर बसलेली, मध्ये कागद, पेन्सिली, नाना आकारांचे फासे आणि कोणाच्या तरी थोरल्या भावाकडून आलेले, कोपरे झिजलेले एक जाडजूड नियमपुस्तक. खेळाचे नाव होते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'.

विमा कचेरीतून उगवलेला खेळ

या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि कोणी जिंकत वा हरतही नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी पुरोहित, तर कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार असतो. समोर कोणते जग आहे, दाराआड कोण दबा धरून बसले आहे, हे तो सांगतो. आपण काय करणार ते खेळाडू सांगतात आणि यश-अपयशाचा निकाल बहुतांशी वीस पैलूंचा फासा देतो. आपल्याकडील सोंगट्यांचा फासा आणि कीर्तनकाराचे आख्यान यांचा संगम झाला आणि श्रोत्यांनाच आख्यानातील पात्रे होण्याची मुभा मिळाली, तर जे होईल, साधारण तसे हे प्रकरण आहे.

या खेळाचे दोन जनक, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन. त्यांपैकी गायगॅक्स हे शिकागो येथे फायरमन्स फंड या विमा कंपनीत अंडररायटर होते, हे वाचून बँकवाल्या माणसाला आपुलकी वाटल्याशिवाय राहत नाही. दिवसभर जोखमीचे मोजमाप करायचे आणि फावल्या वेळी युद्धाचे खेळ रचायचे, असा त्यांचा क्रम होता. १९७० साली ती नोकरी सुटली. पुढे विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावी, जानेवारी १९७४ मध्ये, या खेळाचे पहिले संच विक्रीस आले. तीन पुस्तिकांची ही पेटी दहा डॉलरला मिळे. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. आज पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही हा खेळ जगभर खेळला जातो. १९९७ मध्ये त्याची मालकी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीकडे गेली आणि १९९९ मध्ये ती कंपनी 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या मोठ्या उद्योगाने विकत घेतली.

या खेळातील मांत्रिकाची कल्पना जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाकडून उचललेली आहे. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातील जादूगार मंत्र पाठ करतो आणि एकदा उच्चारला की तो मंत्र स्मरणातून पुसला जातो. पुन्हा हवा असल्यास पुन्हा पाठ करावयाचा. खेळाने हाच नियम स्वीकारला. त्यामुळे मांत्रिकाला रोज सकाळी पोथी उघडून ठरवावे लागे, की आज कोणते मंत्र बरोबर न्यायचे. सकाळी रोकड मोजून घेणाऱ्या रोखपालाप्रमाणे त्याच्याजवळही जे आहे ते मोजकेच असे.

आठ विद्या

या मंत्रांची विभागणी आठ शाखांत केलेली आहे. आठ हा आकडा ऐकून आपल्याला अष्टसिद्धी आठवतील, परंतु त्यांचा येथे काही संबंध नाही. पहिली संरक्षणविद्या, म्हणजे अ‍ॅब्जुरेशन. हिच्यात कवच, अटकाव आणि परक्या मंत्राचा निरास येतो. दुसरी आवाहनविद्या, कॉन्ज्युरेशन. ती प्राणी वा वस्तू पाचारण करते आणि माणसाला क्षणात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते. तिसरी दर्शनविद्या, डिव्हिनेशन, जी लपलेले आणि होऊ घातलेले उघड करते. चौथी मोहिनीविद्या, एन्चांटमेंट. ती दुसऱ्याच्या मनावर अंमल बसवते. पाचवी ऊर्जाविद्या, इव्होकेशन. आग, वीज आणि प्रकाश हे तिचे प्रांत. सहावी आभासविद्या, इल्युजन. सातवी मृत्युविद्या, नेक्रोमन्सी. आणि आठवी रूपांतरविद्या, ट्रान्सम्युटेशन, जी वस्तूचा वा देहाचा गुणधर्मच पालटते.

विशेषज्ञ होण्याची सोय खेळात हळूहळू आली. १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक' या ग्रंथात सर्वसाधारण मांत्रिकाखेरीज आभासविद्येचा स्वतंत्र उपवर्ग होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने आठही शाखांना विशेषज्ञ दिले. त्याबरोबर तिने एक अटही घातली. प्रत्येक शाखेच्या विरोधी शाखा ठरलेल्या असत आणि विशेषज्ञाला त्या कायमच्या बंद होत. आभासविद्या घेणाऱ्याला मृत्युविद्या, ऊर्जाविद्या आणि संरक्षणविद्या अशा तिघींवर पाणी सोडावे लागे. दर्शनविद्या घेणाऱ्याला मात्र एकट्या आवाहनविद्येचा त्याग करून भागत असे.

आमच्या चटईवर होते ते २००३ साली निघालेल्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीचे पुस्तक. त्यातील नियम असा : विशेषज्ञाला मंत्रांच्या प्रत्येक पायरीवर आपल्या शाखेचा एक मंत्र दररोज जास्तीचा मिळेल. मोबदल्यात त्याने दोन शाखा सोडावयाच्या. कोणत्या सोडावयाच्या, ते त्यानेच ठरवावे. दर्शनविद्येच्या विशेषज्ञाला एकच शाखा सोडणे पुरे, आणि दर्शनविद्या मात्र कोणालाच सोडता येत नाही. एकदा केलेली निवड पुढे बदलता येत नाही. सोडलेल्या शाखेतील मंत्र लिहिलेली गुंडाळी वाटेत आयती सापडली, तरी ती त्याला निरुपयोगी.

माझी पहिली चूक

मुलांनी नियम वाचून दाखवले आणि मी क्षणाचाही विलंब न लावता ऊर्जाविद्या निवडली. लहानपणी 'चांदोबा' वाचताना डोळ्यांसमोर जो जादूगार उभा राहिला होता, त्याच्या बोटांतून ज्वाळाच निघत असत. "आता दोन विद्या सोड," भाचा म्हणाला. मी यादीवर नजर फिरवली आणि मोहिनी व आभास यांवर फुली मारली. लपूनछपून आणि भुरळ घालून काम साधणे आपल्या स्वभावात नाही, असे काहीतरी मी ऐटीत बोललोही.

तिसऱ्या रविवारी त्या ऐटीची किंमत चुकवावी लागली. एका गावाचे धान्याचे कोठार तीन चोरांनी बळकावले होते. गावकऱ्यांचे एकच मागणे होते, चोर गेले नाहीत तरी चालेल, पण धान्य वाचले पाहिजे. रात्रीची वेळ, चोर पेंगुळलेले. अशा प्रसंगी पहिल्याच पायरीवरचा निद्रेचा मंत्र पुरेसा असतो. तिघेही तेथल्या तेथे झोपी गेले असते. मी पोथी चाळू लागलो. सूत्रधाराच्या आसनावरून भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, निद्रेचा मंत्र मोहिनीविद्येत येतो. तो तू स्वतःच सोडला आहेस."

माझ्याजवळ उरला होता तो बोटांतून ज्वाळा काढण्याचा मंत्र. तो मी वापरला. चोर पळाले आणि कोठार जळाले. खोलीत कोणी काही बोलले नाही. कागदावरचे गाव, कागदावरचे धान्य, तरीही बसने घरी परतताना मला त्याची रुखरुख लागून राहिली होती. निवड करताना मला काय मिळणार ते मी पाहिले. जे सोडत होतो ते केवळ नावावरून जोखले, त्याच्या पोटात काय काय आहे ते उघडून पाहिलेच नाही.

थोडेसे गणित

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मी त्या रात्री वही काढली. तीक्ष्ण बुद्धीमुळे मिळणारे अधिकचे मंत्र बाजूला ठेवले, तर सुधारित तिसऱ्या आवृत्तीत पाचव्या दर्जाच्या मांत्रिकाला पहिल्या पायरीचे तीन, दुसरीचे दोन आणि तिसरीचा एक मंत्र दररोज मिळतो. विशेषज्ञाला प्रत्येकी एक जास्त. म्हणजे पहिल्या पायरीवर तिनाचे चार, अर्थात सुमारे तेहेतीस टक्के वाढ. दुसऱ्या पायरीवर पन्नास टक्के. तिसऱ्या पायरीवर एकाचे दोन, म्हणजे शंभर टक्के! हाच मांत्रिक विसाव्या दर्जाला पोहोचला, की त्याला प्रत्येक पायरीचे चार मंत्र मिळतात. तेथे विशेषज्ञाचा लाभ चाराचे पाच, केवळ पंचवीस टक्के.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. विशेषज्ञतेचा लाभ टंचाईच्या काळात सर्वाधिक असतो आणि सुबत्ता आली की तो घटत जातो. त्यागाची किंमत मात्र उलट्या दिशेने चालते. आरंभी सोडलेल्या दोन शाखांत मोजकेच मंत्र आपल्या आवाक्यातील असतात, दर्जा वाढतो तसे त्या बंद दारांआड अधिकाधिक मौल्यवान मंत्र साचत जातात. लाभ उतरता, त्याग चढता. म्हणून खेळ किती काळ चालणार, हे ठाऊक असल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही. गुंतवणुकीचा सल्ला देताना आपण 'मुदत किती?' असे प्रथम का विचारतो, त्याचे याहून सोपे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पुढे अनुभवाने आणखी काही पथ्ये समजली. नव्याने खेळू पाहणाऱ्यांसाठी ती येथे नमूद करतो.

पहिले पथ्य, सोबत्यांकडे पाहावे. पथकात तडाखेबंद योद्धे दोन असतील, तर मांत्रिकानेही आग ओकण्यात फारसे हशील नाही. त्याने कवच धरावे, वाट शोधावी किंवा आभास उभा करावा. दुसरे, जे काम दोन शाखांनी होते त्यांपैकी एक सोडण्यास हरकत नाही. जे काम एकाच शाखेने होते, ती सोडताना दहादा विचार करावा. परक्या मंत्राचा निरास करण्याचे सामर्थ्य प्रामुख्याने संरक्षणविद्येत आहे. ती सोडणारा आपली विम्याची पॉलिसीच मोडीत काढतो. तिसरे, सूत्रधाराचा स्वभाव ओळखावा. त्याला लढाया प्रिय असतील तर मोहिनीविद्या कपाटात पडून राहील. संवादाची आवड असेल तर तीच राज्य मिळवून देईल. आणि चौथे, कोणतीच विशेष विद्या न घेता सर्वसाधारण मांत्रिक राहणे हीदेखील एक निवड आहे. तीत कमीपणा नाही.

नियम सैल झाले तरी

खेळाचे नियम पुढे बदलत गेले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत मांत्रिकाची रचना निराळी झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आठ शाखांचे विशेषज्ञ परतले, आणि शाखा सोडण्याची अट नाहीशी झाली. त्याऐवजी प्रत्येक शाखेला स्वतःचे वैशिष्ट्य लाभले. ऊर्जाविद्येचा विशेषज्ञ अग्निगोलक फेकताना चार सोबत्यांना ज्वाळांतून अलगद वगळू शकतो. त्या गोलकाच्या तडाख्यासाठी सहा पैलूंचे आठ फासे टाकतात आणि त्यांची सरासरी अठ्ठावीस येते, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. संरक्षणविद्येच्या विशेषज्ञाभोवती एक अदृश्य कवच उभे राहते आणि वार आधी त्यावर झेलला जातो. दर्शनविद्येचा विशेषज्ञ विश्रांतीनंतर वीस पैलूंचा फासा दोनदा टाकून ते आकडे टिपून ठेवतो. पुढे ऐन प्रसंगी, फासा पडण्यापूर्वी, 'येथे माझा आकडा धरा' असे तो म्हणू शकतो. हाती आलेला आकडा वाईट असला तरी हरकत नाही, तो शत्रूच्या माथी मारता येतो.

पोथीत नवा मंत्र उतरवून घेण्याचा खर्चही या आवृत्तीत ठरलेला आहे. दर पायरीमागे पन्नास सुवर्णमुद्रा आणि दोन तास. तिसऱ्या पायरीच्या मंत्राला दीडशे मुद्रा आणि सहा तास लागतात. विशेषज्ञाला आपल्या शाखेपुरते हेच काम निम्म्यात पडते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये संरक्षण, दर्शन, ऊर्जा आणि आभास या चारच शाखांचे विशेषज्ञ ठेवले आहेत आणि ही निवड तिसऱ्या दर्जाला करावयाची असते.

"मामा, नव्या नियमांत काहीच सोडावं लागत नाही," भाच्याने एकदा मला सांगितले. मला ते तितकेसे पटले नाही. २०१४ च्या नियमांप्रमाणे मांत्रिक सहा मंत्रांनिशी आरंभ करतो आणि पुढील प्रत्येक दर्जाला त्याला दोनच मंत्र आपसूक मिळतात. विसाव्या दर्जापर्यंत हे होतात चव्वेचाळीस. बाकीचे शोधावे लागतात आणि त्यांसाठी पैसा व वेळ मोजावा लागतो. पोथीत जो मंत्र उतरवला नाही, तो त्या प्रसंगापुरता सोडल्यासारखाच असतो. पूर्वी त्यागाची यादी नियमपुस्तक आपल्याकडून लिहून घेत असे. आता ती आपण लिहीत नाही, इतकाच काय तो फरक.

एक विकल्पपत्र

याच सुमारास माझ्या टेबलावर एक परिपत्रक आले. परकीय चलन विभागासाठी विशेषज्ञ अधिकारी निवडावयाचे होते. पंधरा दिवसांत विकल्प द्यावा आणि एकदा दिलेला विकल्प अंतिम समजला जाईल, असे त्यात नमूद होते. प्रशिक्षण उत्तम, पुढील बढतीची वाट सरळ आणि विषय माझ्या आवडीचा. मिळण्याची बाजू इतकी भरगच्च होती, की मी अर्ज भरून खणात ठेवलासुद्धा. सहीच काय ती बाकी होती.

त्या रविवारी खेळ संपल्यावर भाच्याला मी हे सांगितले. फासे पिशवीत भरता भरता त्याने विचारले, "आणि सोडायचं काय काय आहे?"

मी उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो. परकीय चलनाचे काम चालते ते मोजक्या महानगरांतील मोजक्या शाखांत. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी माझी आई एकटी राहते. वडील गेल्यापासून तिने कोठे येण्यास नकार दिला आहे. अंगणातली जास्वंद आणि शेजारची माणसे सोडून ती बंगळुरूला येणार नाही, हे मला आणि बहिणीला पुरते ठाऊक होते. सर्वसाधारण संवर्गात राहिलो तर विनंती बदलीला निदान जागा होती. विशेषज्ञ झालो, की ते दार बंद. अर्जाच्या नमुन्यात याची नोंद करण्यासाठी रकाना नव्हता. तो कोणत्याच अर्जात नसतो.

रात्री वहीचे एक पान मी मधोमध दुमडले. डावीकडे मिळणाऱ्या गोष्टी लिहिल्या, उजवीकडे सुटणाऱ्या. डाव्या बाजूस सात ओळी झाल्या, उजव्या बाजूस एक. मग त्या एका ओळीला मी वसतिगृहाच्या खोलीत शिकलेली कसोटी लावली. हे काम दुसऱ्या कोणत्या विद्येने होण्यासारखे आहे काय? पैसे पाठवता येतात, दूरध्वनी करता येतो, कामाला बाई ठेवता येते. पण संध्याकाळी ओसरीवर तिच्यासमोर बसणे हे त्यांपैकी कशानेही साधत नाही. निद्रेच्या मंत्राऐवजी ज्वाळा वापरून काय होते, ते मी एकदा पाहिले होते.

अर्ज मी दिला नाही. त्याऐवजी विनंती बदलीचा दिला.

माझीच निवड सर्वांनी करावी असे मी मुळीच सुचवत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने तोच विकल्प स्वीकारला आणि तो आज त्या क्षेत्रात उत्तम काम करीत आहे. त्याच्या पथकाची रचना निराळी होती, त्याच्या घरी आई-वडिलांजवळ भाऊ होता. त्याच्या बढतीची वार्ता आली तेव्हा मला आनंद झाला, आणि हुरहूर वाटली नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. सोडलेल्या विद्येची आठवण अधूनमधून होतेच. तिचे नाव आपण जाणूनबुजून लिहिलेले असले, तर ती आठवण बोचत नाही, इतके मात्र स्वानुभवाने सांगू शकतो.

पुढील वर्षी बदली झाली आणि सध्या मी सांगली जिल्ह्यातील एका शाखेत कार्यरत आहे. रविवारी रात्री संगणकाच्या पडद्यावर बंगळुरूची मंडळी जमतात आणि आमचा खेळ पुढे सरकतो. माझा मांत्रिक आता सातव्या दर्जाचा आहे. मोहिनीविद्या त्याला आजही वर्ज्य आहे, म्हणून आम्ही पथकात एक गाणारा भाट घेतला. झोपवण्याचे काम तो पाहतो.

आई ओसरीवरून हे सारे ऐकत असते. परवा तिने आत डोकावून विचारले, "त्या गावाचं धान्य दिलंत का रे भरून?"

दिले नव्हते. येत्या रविवारी तो विषय काढावयाचा आहे.